तुमच्या फोनमधली नोंदवही तिघांच्या हातात: एसक्यूलाइट नव्याने लिहायची वेळ आली आहे का?

जुलै २०२५ मध्ये गुगलने एक बातमी दिली. ‘बिग स्लीप’ नावाच्या त्यांच्या एआय एजंटने एका सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी शोधून काढली होती. गुगलचं म्हणणं असं की, ही त्रुटी तोवर फक्त हल्लेखोरांना माहीत होती आणि तिचा वापर होण्याची वेळ जवळ आली होती. त्याआधीच ती पकडली गेली. तिला सीव्हीई-२०२५-६९६५ असा क्रमांक मिळाला, दुरुस्ती झाली, विषय संपला.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही त्रुटी सापडली त्याचं नाव एसक्यूलाइट. हे नाव तुम्ही ऐकलं नसण्याचीच शक्यता जास्त. पण तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असो की आयफोन, त्यात ते आहे. तुमचे कॉन्टॅक्ट, ब्राउझरची हिस्ट्री, व्हॉट्सॲपचे मेसेज या सगळ्याच्या मागे तेच. जगभरात मिळून एक लाख कोटींहून जास्त एसक्यूलाइट डेटाबेस वापरात असावेत, असा ते बनवणाऱ्यांचाच अंदाज आहे.

आणि हे सगळं सांभाळतात किती जण? तिघं.

बाहेरच्या कुणी सुधारणा करून पाठवली तर ती सहसा स्वीकारली जात नाही. कोड सगळ्यांना मोफत आहे, पण त्यात हात घालायला मनाई आहे. त्यामुळेच एक कंपनी म्हणते आहे की ही लायब्ररी पहिल्यापासून, नव्या भाषेत लिहून काढायला हवी. वरवर हा सॉफ्टवेअरवाल्यांचा घरगुती वाद वाटतो. पण यात डाव कशाचा आहे हे समजून घ्यायचं तर आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. फोनमध्ये एखादी गोष्ट ‘सेव्ह’ झाली, म्हणजे नक्की काय झालं?

सेव्ह होणं इतकं अवघड का आहे?

समजा, एका किराणा दुकानदाराच्या फोनमध्ये बिलाचं ॲप आहे. त्याने पाच किलो साखर विकली. ॲपला दोन नोंदी करायच्या आहेत: साठ्यातून पाच किलो वजा आणि गिऱ्हाइकाच्या उधारीत तेवढी रक्कम जमा. पहिली नोंद झाली आणि त्याच क्षणी फोनची बॅटरी संपली. आता साखर गेली, पण उधारी लागलीच नाही.

दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही, मधली स्थिती कधीच दिसणार नाही, ही हमी म्हणजे ट्रान्झॅक्शन. अमेरिकन संशोधक जिम ग्रे यांनी १९७० च्या दशकात या कल्पनेला पक्कं रूप दिलं आणि १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. १९८३ मध्ये हार्डर आणि रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी तिच्या चार गुणांना मिळून ‘ॲसिड’ हे नाव दिलं. इंजिनीअरिंग केलेल्या प्रत्येकाने हे चार गुण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले असतात. त्यासाठी वापरलं जाणारं जगभरातलं एक नावाजलेलं पाठ्यपुस्तक आयआयटी मुंबईच्या एस. सुदर्शन यांनी सहलेखक म्हणून लिहिलेलं आहे.

पाठ करणं सोपं, करून दाखवणं कठीण. कारण डिस्कवर दोन ठिकाणी एकाच क्षणी लिहिता येत नाही. एक आधी, एक नंतर. मधे लाइट कधीही जाऊ शकते.

यावरचा उपाय आपल्याकडच्या जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना नवा वाटला नसता. आधी कीर्द, मग खतावणी. दिवसभरात जे घडेल ते क्रमाने कीर्दीत उतरवायचं आणि सवडीने त्यावरून प्रत्येकाच्या खात्यात नोंद घ्यायची. खतावणी लिहिताना कुणी हाक मारली आणि काम अर्धवट राहिलं तरी बिघडत नाही, कीर्द शाबूत आहे. डेटाबेसही हेच करतो. बदल आधी एका वेगळ्या फाइलच्या शेवटी जोडतो, ती फाइल डिस्कवर पक्की उतरली की मग मुख्य फाइलला हात लावतो. या पद्धतीचा सगळ्यात सविस्तर आराखडा १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध झाला. तो मांडणाऱ्या आयबीएमच्या संशोधकांमध्ये पहिलं नाव होतं सी. मोहन यांचं, म्हणजे आयआयटी मद्रासच्या माजी विद्यार्थ्याचं.

एसक्यूलाइटमध्ये ही पद्धत २०१० मध्ये आली. त्याआधीपासून असलेली आणि आजही चालणारी तिची पद्धत थोडी उलटी आहे. वहीच्या पानावर खाडाखोड करण्याआधी ती त्या जुन्या पानाची झेरॉक्स काढून बाजूला ठेवते. मग पानावर लिहिते. सगळं नीट झालं की झेरॉक्स फाडून टाकते. ट्रान्झॅक्शन पूर्ण झालं असं कधी म्हणायचं? झेरॉक्स फाडली त्या क्षणी. मधे फोन बंद पडला तर पुढच्या वेळी ॲप उघडताना झेरॉक्स तिथेच पडलेली दिसते, आणि जुनं पान जागच्या जागी परत बसवलं जातं. वापरणाऱ्याला यातलं काही कळतही नाही.

डिस्क खोटं बोलते तेव्हा

वरची सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे. ‘डिस्कवर लिहिलं’ असं ऑपरेटिंग सिस्टमने सांगितलं, तर ते खरोखर लिहिलेलं असलं पाहिजे.

पण वेग वाढवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टम आलेला डेटा आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. आत्ताच्या आत्ता उतरव असं तिला बजावण्यासाठी ‘एफसिंक’ नावाची एक आज्ञा आहे. डेटाबेस लिहिणाऱ्यांचा सगळा भरवसा या आज्ञेवर.

२०१८ मध्ये या भरवशाला तडा गेला. पोस्टग्रेसक्यूएल हा जगातल्या सगळ्यात प्रतिष्ठित डेटाबेसपैकी एक. त्याच्या डेव्हलपर्सच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा फसलं आणि पुन्हा तीच आज्ञा दिली, तर दुसऱ्या वेळी ‘झालं’ असं उत्तर येऊ शकतं. प्रत्यक्षात पहिल्या वेळचा डेटा डिस्कवर गेलेलाच नसतो. मेमरीतलं पान ‘स्वच्छ’ म्हणून नोंदवून सिस्टम मोकळी झालेली असते. म्हणजे वीसेक वर्षं हा डेटाबेस एका चुकीच्या समजुतीवर चालला होता. शेवटी २०१९ मध्ये त्यांनी मार्ग काढला तो असा: एफसिंक फसलं की पुन्हा प्रयत्न करायचाच नाही, सरळ स्वतःला बंद पाडायचं आणि कीर्दीवरून सगळं नव्याने उभं करायचं.

डेटा साठवणारी लायब्ररी लिहिणं म्हणजे काय, याची कल्पना या एका प्रसंगातून यावी. आपण लिहिलेला कोड बरोबर असून भागत नाही, खालचा प्रत्येक थर काय काय थापा मारू शकतो हेही धरून चालावं लागतं.

सर्व्हर नको, लायब्ररी हवी

इथे लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, जो दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसतो. बँकेचा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालत असतो आणि बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याशी नेटवर्कवरून बोलतात. लायब्ररीला असं वेगळं घर नसतं. ॲप सुरू झालं की ती सुरू, ॲप बंद की ती बंद.

एसक्यूलाइटचा जन्मच सर्व्हरच्या वैतागातून झाला. साल २०००. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकन प्रोग्रॅमर नौदलाच्या एका विनाशिकेसाठी, यूएसएस ऑस्कर ऑस्टिनसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजावर काही नुकसान झालं तर काय करायचं, हे ठरवायला मदत करणारं ते सॉफ्टवेअर. त्याचा डेटा एका सर्व्हरवर होता. सर्व्हर बंद पडला की हिप यांच्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ अशी पाटी झळकायची. दोष सर्व्हरचा, पण पाटी यांच्या प्रोग्रॅमवर, त्यामुळे फोन यांनाच. जहाजाला मार बसलेला असताना ही पाटी दिसली तर काय, हा प्रश्न त्याहून मोठा. सर्व्हरच नको, डेटा थेट डिस्कवरच्या फाइलमधून वाचावा, या विचारातून ऑगस्ट २००० मध्ये पहिली आवृत्ती निघाली.

त्या आवृत्तीला ट्रान्झॅक्शन येत नव्हतं. ती साठवणुकीसाठी जीडीबीएम ही दुसऱ्यांची लायब्ररी वापरत होती आणि तिच्यात ती सोय नव्हती. वर्षभरात हिप यांनी साठवणुकीचा थरही स्वतः लिहून काढला.

खरं तर तोपर्यंत बाजारात एक दादा लायब्ररी होतीच. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय आजचा वाद समजणार नाही.

सगळी बटणं तुमच्या हाती: बर्कली डीबी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात १९९० च्या सुमाराला युनिक्सची मोफत आवृत्ती तयार होत होती. त्यात एटी अँड टी कंपनीच्या मालकीचा कोड नको होता, म्हणून जुन्या साठवणुकीच्या कोडच्या जागी नवा लिहिला गेला. मार्गो सेल्टझर, कीथ बॉस्टिक आणि माइक ओल्सन यांचं हे काम. नाव बर्कली डीबी. १९९६ मध्ये सेल्टझर आणि बॉस्टिक यांनी ‘स्लीपीकॅट’ ही कंपनी काढली आणि तिच्यात ट्रान्झॅक्शनची सोय आणली.

लवचीक लायब्ररी कशी असावी, याचं त्या काळातलं हे आदर्श उदाहरण होतं. साठवायची रचना चार प्रकारांतून निवडा. ट्रान्झॅक्शन हवं तर घ्या, नको तर सोडा. एकाच वेळी किती जण लिहिणार, कुलपं किती लागणार, मेमरी किती द्यायची, सगळं तुम्ही ठरवा. लायब्ररीचं तत्त्व एकच: तुमच्या ॲपला काय हवं ते तुम्हाला जास्त कळतं, आम्ही मधे येत नाही.

ऐकायला हे उत्तमच वाटतं. पण प्रत्येक बटण म्हणजे एक निर्णय असतो, आणि ज्याच्यावर तो सोपवला त्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो की आपण काहीतरी ठरवतो आहोत.

याची जबर किंमत मोजली बिटकॉइनने.

बिटकॉइनमध्ये जगभरातले हजारो कॉम्प्युटर एकच वही ठेवतात. व्यवहारांचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक आला की प्रत्येक जण तो नियमांत बसतो का ते तपासतो. सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं, नाहीतर वहीच्या दोन आवृत्त्या तयार होतील. सुरुवातीची बिटकॉइन सॉफ्टवेअर बर्कली डीबी वापरायची. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ०.८ या आवृत्तीने ती काढून गुगलची लेव्हलडीबी ही लायब्ररी आणली. वेग वाढावा एवढाच हेतू. नियम तेच होते, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

११ मार्च २०१३ च्या रात्री एक मोठा ब्लॉक आला. तोवर कधीच नव्हते एवढे व्यवहारांचे संदर्भ त्यात होते. नव्या आवृत्तीने तो मान्य केला. जुन्या आवृत्तीच्या अनेक कॉम्प्युटरांनी नाकारला.

का? बर्कली डीबीमध्ये एका वेळी किती कुलपं लावता येतील याची एक मर्यादा ठरवावी लागते. बिटकॉइनच्या कोडमध्ये ती होती १० हजार. या ब्लॉकसाठी त्याहून जास्त लागली, लायब्ररीने ‘जमत नाही’ म्हटलं आणि जुन्या सॉफ्टवेअरने त्याचा अर्थ ‘ब्लॉक चुकीचा’ असा घेतला. गंमत म्हणा की भीती, किती कुलपं लागतील हे प्रत्येक कॉम्प्युटरवर सारखं नव्हतं. त्याच्या डिस्कवरच्या फाइलची पानं कशी पडली आहेत यावर ते ठरत होतं. म्हणजे जुनी आवृत्ती चालवणारे दोन शेजारीसुद्धा एकमेकांशी सहमत होतील याची खात्री नव्हती. कुणी कधी लिहून न ठेवलेला, कुणी मत न दिलेला हा एक चलनी नियम होता, आणि तो डेटा साठवायच्या लायब्ररीच्या एका बटणात दडलेला होता.

काही तास बिटकॉइनच्या दोन वह्या समांतर चालल्या. ब्लॉक बनवणाऱ्या यंत्रांची जास्त ताकद नव्या आवृत्तीकडे होती. तरीही डेव्हलपर्सनी मोठ्या मायनिंग पूलना जुन्या आवृत्तीवर परत जायला सांगितलं. तर्क सरळ होता: नवी आवृत्ती दोन्ही वह्या वाचू शकत होती, जुनी मात्र नवी वही कधीच स्वीकारणार नव्हती. पूलवाल्यांनी स्वतःची कमाई सोडून ते ऐकलं. मधल्या काळात एका व्यापाऱ्याकडे सुमारे १० हजार डॉलरचे बिटकॉइन दोनदा खर्चले गेल्याचीही नोंद आहे.

हा बर्कली डीबीचा दोष होता का? नाही म्हणावं लागेल. मर्यादा कागदोपत्री होती, बदलता येत होती. लायब्ररीने जे कबूल केलं होतं तेच केलं. पण लवचीकपणाची ही दुसरी बाजू आहे: लायब्ररीने जो निर्णय घ्यायचं टाळलं, तो कुणीतरी बेसावधपणे घेतला आणि चार वर्षांनी भलत्याच माणसाला भरपाई करावी लागली.

बटणं झाकून ठेवणारी लायब्ररी

एसक्यूलाइटने बहुतेक ठिकाणी उलटा रस्ता धरला. एक फाइल, एक कोड, एक एमबीहून लहान आकार. कुलपांची संख्या विचारत नाही, साठवणुकीची रचना विचारत नाही. एका वेळी एकच जण लिहू शकेल असा साधा नियम. काहीच न सांगता वापरली तर ती सावधपणाच्या बाजूने झुकते. वेग कमी मिळाला तरी चालेल, पण लाइट गेल्यावर डेटा राहिला पाहिजे.

मग ती जहाजापासून फोनपर्यंत आणि एअरबस ए३५० विमानाच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळीकडे बसते कशी? लवचीकपणा आहे, पण तो वापरणाऱ्याच्या बाजूला नसून तळाशी आहे. ऑपरेटिंग सिस्टमशी होणारं सगळं बोलणं एका पातळ थरातून जातं. फाइल उघड, इथून वाच, इथे लिही, डिस्कवर उतरव, कुलूप लाव, अशी मोजकी कामं. नव्या यंत्रावर न्यायचं तर एवढा थर बदलला की झालं, वरचं ट्रान्झॅक्शनचं गणित तसंच राहतं.

याच थराचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. चाचणी घेताना खऱ्या डिस्कच्या जागी एक खोटी, मुद्दाम दगाबाज डिस्क बसवता येते. ती लिहिता लिहिता मधेच मरते, पक्कं न केलेलं लिखाण उलटसुलट क्रमाने उतरवते किंवा खराब करते. मग तपासायचं की पुन्हा उघडल्यावर डेटा शाबूत आहे का. अशा चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट आहे, असं टीम सांगते. विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी असलेल्या मानकावरून तिने धडा घेतला आणि कोडमधल्या प्रत्येक फाट्यावरून चाचणी एकदा तरी जाईल अशी व्यवस्था केली.

अर्थात एसक्यूलाइटमध्येही घातक बटणं आहेत. ‘सिंक्रोनस’ हे त्यातलं एक. ते बंद केलं तर लायब्ररी एफसिंकची वाट पाहत नाही. ॲप पळायला लागतं, आणि लाइट गेली तर फाइलच खराब होऊ शकते. कीर्दीच्या पद्धतीत हे बटण मधल्या स्थितीत ठेवलं तर फाइल खराब होत नाही, पण लाइट जाण्याआधीच्या शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. फोटोच्या ॲपला हे चालेल. दुकानदाराच्या उधारीला चालेल का? हा निर्णय ॲप बनवणाऱ्याने घेतलेला असतो आणि दुकानदाराला कुणी विचारलेलं नसतं.

चुका बटणांशिवायही होतात. कीर्दीच्या पद्धतीत ताज्या नोंदी मुख्य फाइलच्या शेजारी असलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये असतात. बॅकअप म्हणून नुसती मुख्य फाइल कॉपी केली, तर त्या मागेच राहतात.

मग नव्याने लिहायची घाई कुणाला आणि का?

ऑक्टोबर २०२२ मध्ये टर्सो या कंपनीच्या मंडळींनी एसक्यूलाइटची वेगळी शाखा काढली, लिबएसक्यूएल या नावाने. मूळ तक्रार हीच की बाहेरच्यांचा कोड घेतला जात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल जाहीर केलं. शाखा पुरेशी नाही, सगळी लायब्ररी रस्ट भाषेत पहिल्यापासून लिहिणार. तेव्हा नाव होतं लिंबो.

त्यांच्या मागण्या हवेतल्या नाहीत. एसक्यूलाइट ज्या काळात आखली गेली तेव्हा ती एका यंत्रावरच्या एका प्रोग्रॅमसाठी होती. आता क्लाउडफ्लेअरसारखी कंपनी आपली डेटाबेस सेवा एसक्यूलाइटवर उभारते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेल्स ८ ने वेबसाइटसाठीही एसक्यूलाइट पुरेशी आहे असं सांगितलं. तिथे एका वेळी एकानेच लिहायचा नियम खरोखर अडतो. शिवाय ती सी भाषेत आहे. सी मध्ये मेमरीची जबाबदारी प्रोग्रॅमरवर असते आणि बिग स्लीपला सापडली ती त्रुटी नेमकी त्याच जातीची होती. रस्ट भाषा अशा बहुतेक चुका कोड चालण्याआधीच पकडते.

पण इथे थोडं थांबायला हवं. मेमरीच्या चुका ही एसक्यूलाइटची एक जोखीम आहे, मोठी जोखीम ती नाही. २०२५ ची त्रुटी वापरायला हल्लेखोराला आधी डेटाबेसला हव्या त्या आज्ञा देता यायला हव्या होत्या. २०२४ मध्ये बिग स्लीपलाच याच लायब्ररीत आणखी एक चूक सापडली होती. ती कळवली त्याच दिवशी दुरुस्त झाली, अधिकृत आवृत्तीत पोहोचलीसुद्धा नाही.

झेरॉक्स फाडायच्या आधी एफसिंक झालं की नंतर, हे मात्र कुठलीही भाषा पकडत नाही. रस्टमध्ये लिहिलेला कोडसुद्धा क्रम चुकवू शकतो आणि दुकानदाराची उधारी गायब करू शकतो. हा क्रम बरोबर आहे याचा पुरावा एसक्यूलाइटकडे पंचवीस वर्षांच्या चाचण्यांच्या रूपाने आहे. आणि मेख इथेच आहे. लायब्ररीचा कोड कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा. पण तिच्या सगळ्यात कडक चाचण्यांचा संच, टीएच३, टीमच्या मालकीचा आहे आणि खुला नाही. नव्याने लिहिणाऱ्याला मोफत कोड मिळतो, पण तो कोड बरोबर का आहे हे सांगणारा मोठा भाग मिळत नाही. टर्सोला हे माहीत आहे. म्हणून ती वेगळी पद्धत वापरते: सगळं जग, डिस्क, वेळ, नेटवर्क यांसकट, एका बनावट यंत्रात चालवायचं आणि लाखो वेळा त्यात बिघाड घडवायचे, असे की प्रत्येक बिघाड हुबेहूब पुन्हा घडवता येईल. पद्धत चांगली आहे. ती पंचवीस वर्षांची बरोबरी किती लवकर करेल, हे अजून दिसायचं आहे.

तिघांच्या टीमने दार बंद ठेवणं हट्टीपणाचं आहे का? थोडं आहेच. पण त्यामागे कायद्याचं कारणही आहे. लायब्ररी सार्वजनिक मालकीची राहायची तर तिच्यात आलेल्या प्रत्येक ओळीवरचा हक्क लिहिणाऱ्याने सोडलेला असला पाहिजे, आणि अनेक देशांत तसं करणं सरळ नाही. हक्कांचा प्रश्न हलका नसतो, हे बर्कली डीबीच्या शेवटाकडे पाहिलं की कळतं. २००६ मध्ये स्लीपीकॅट ओरॅकलने विकत घेतली. २०१३ मध्ये ओरॅकलने नव्या आवृत्तीचा परवाना बदलला, इतका कडक केला की अनेक मोफत सॉफ्टवेअर प्रकल्पांनी जुन्या आवृत्तीवरच थांबणं किंवा दुसरी लायब्ररी शोधणं पसंत केलं. कोड तोच होता, पण तो वापरण्याची मोकळीक एका कंपनीच्या निर्णयाने आटली. बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर २०२१ पासून नव्या पद्धतीची वॉलेट साठवायला एसक्यूलाइट वापरतं.

टर्सोचा कोड मोकळ्या परवान्याखाली आहे आणि बाहेरच्यांना त्यात हात घालता येतो. पण ती गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारी कंपनी आहे. स्लीपीकॅटही कंपनीच होती. हिप यांच्या टीमचा खर्च निघतो तो मदतीचे करार आणि पैसे भरून सभासद झालेल्या मोठ्या कंपन्यांच्या संघातून. टीम म्हणते, २०५० पर्यंत आम्ही एसक्यूलाइट सांभाळू. तिघांचं वय लक्षात घेता हा शब्द पाळायचा तर चौथा, पाचवा, सहावा माणूस कधीतरी तयार करावा लागेल, आणि दार बंद असताना तो कसा तयार होईल हा टर्सोच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. तांत्रिक मुद्द्यांपेक्षा मजबूत.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे: फाइल. एसक्यूलाइटची फाइल आतून कशी असते याची रचना २००४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत ठरली आणि तेव्हापासून जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटा दीर्घकाळ जपण्यासाठी सुचवलेल्या प्रकारांत ती आहे. रस्टमधल्या नव्या लायब्ररीने स्वतःसाठी घातलेली पहिली अटही तीच आहे: वीस वर्षांपूर्वीची ती फाइल तिच्यातही जशीच्या तशी उघडली पाहिजे.